जावयाचं दार

न्तेवा बेट
१८ मे २००३, ईस्टरनंतरचा चौथा रविवार

फेलिस्टास,

प्रभूची शांती तुझ्याबरोबर असो. तुझं पत्र मिळालं. तू सुखरूप पोचलीस, बोट लागली नाही, जिल्ह्याच्या समितीत तुला खिडकीजवळची खुर्ची मिळाली, सगळं वाचलं. खुर्चीबद्दल दोनदा लिहिलं आहेस.

इकडे ठीक. म्वेरा वारा सुरू झाला आहे. उसिपा मासळी भरपूर मिळतेय, पण वाळत घातली की अर्धी वाऱ्यावर उडून वाळूत पडते. कोंबड्या बऱ्या आहेत. त्यातली एक तुझ्या आईनं नेली. आपल्या टिटसचा जोहान्सबर्गहून काही निरोप नाही. कसाव्याच्या पिठाचा न्सिमा मी स्वतः ढवळतो आणि गुठळ्या होतात.

सकाळी घंटा वाजवायला गेलो तर चर्चच्या पायरीवरच तिघांनी विचारलं, "काय सचिव, आमच्या बाईंचं पत्र आलं का?" आमच्या बाई. इतकी वर्षं मी ग्रामविकास समितीचं इतिवृत्त लिहितो. मी कधी कोणाचा 'आमचा' झालो नाही.

त्या दिवसाबद्दल मी कोणाशी बोललो नाही, तुझ्याशीही नाही. आज उपासनेत मन लागेना म्हणून लिहितो. जिल्हा समितीवर बेटाचा एक प्रतिनिधी निवडायचा, म्हणून गोरखचिंचेखाली आपण दोघं उभे होतो. तोंड सरोवराकडे, पाठ गावाकडे, म्हणजे मत द्यायला कोण कोणाच्या मागे उभं राहतं ते आपल्याला दिसू नये. तू नुसती नावाला उभी होतीस. मीच म्हटलं होतं, "राहा उभी, एकटा माणूस बरा दिसत नाही." मग मागे पावलं वाजायला लागली. पुष्कळ पावलं, वाळूत घासणारी. मी डोळे मिटून मनात म्हणालो, देवा, हे फार झालं, मला गर्व होऊ देऊ नकोस. खरंच म्हणालो.

मग तुझे मामा योना ओरडले, "वळा."

माझ्यामागे माझी बहीण ॲग्नेस होती. तिच्यामागे म्हातारा झकारिया, ज्याला दिसत नाही आणि जो सावली लागेल तिथे थांबतो. आणि डोरिकाची बकरी. तुझी रांग किनाऱ्यापर्यंत गेली होती. शेवटच्या माणसाचे पाय पाण्यात होते.

सगळे हसले. मीही हसलो. तू हसली नाहीस, ते मी पाहिलं. तू हसली असतीस तर बरं झालं असतं.

प्रसूतिगृहाला माझा कधीच विरोध नव्हता. माझं म्हणणं एवढंच की आधी धक्का बांधावा. धक्का झाला तर बाळंतिणीला होडीत घालून बोटीपर्यंत नेऊन दोरानं वर चढवावं लागणार नाही. तुझं कारण मला ठाऊक आहे. त्या होडीत मीही होतो. पण यंदा जिल्हा एका बेटाला एकच मोठं काम देणार असेल तर विचार नको का करायला? नियोजनाच्या साहेबांना धक्क्याचं सांगितलंस का? माझं नाव घेतलं नाहीस तरी चालेल. घेतलंस तर बरं.

दाराला टेकून लिहितो आहे. तेच दार, जे लग्नाच्या वेळी पाठीवर घालून बेटाच्या त्या टोकाहून या टोकाला आणलं होतं. या बेटावर सगळेच पुरुष घरजावई. जमीन आईकडून लेकीकडे जाते, भिंती बायकोच्या माणसांच्या, छपरावरचं गवतसुद्धा त्यांच्याच रानातलं. आपलं म्हणून पुरुष एक दार तेवढं घेऊन येतो, आणि लग्न मोडलं तर तेच घेऊन जातो. माझं चांगलं मुनिंगाच्या लाकडाचं आहे. बावीस वर्षांत एकदाही कुरकुरलं नाही.

ग्रामविकास समितीचा सचिव, अजून तरी,
कथबर्ट

---

१ जून, स्वर्गारोहणानंतरचा रविवार

फेलिस्टास,

गुरुवारी डोरिका बोटीवरून उतरली. मासे विकून आली होती आणि बातम्या घेऊन. होडीतून पाय खाली टाकायच्या आधीच सुरू झाली.

"भावोजी, तुमची बायको मला ओळखूच आली नाही हो!"

"का? वाळली?"

"वाळेल कशाला? चांगली भरलीय. निळा स्वेटर, हातात पेन, आणि बोलते काय! न्यासुलू साहेब म्हणतात, 'फेलिस्टाबाई, तुम्ही सांगा,' की अख्खी खोली गप्प."

"स्वेटर कुठला?"

"साहेबांच्या घरून आलाय म्हणे. तिकडे पण म्वेरा बोचतो ना."

"साहेबांच्या घरून."

"मग? तुम्ही बांधून दिला होतात का एखादा? नाही ना? मग बाईनं काय नुसत्या चितेंज्याच्या कापडात कुडकुडत आराखडा करायचा?"

किनाऱ्यावरच्या बायका हसल्या. मी टोपली उचलून तिच्या घरापर्यंत नेऊन दिली, म्हणजे तिनं गप्प बसावं. ती वाटभर बोलतच राहिली. साहेब तुला गाडीतून सोडतात. साहेब म्हणाले, असं डोकं या जिल्ह्यात पाहिलं नाही. हे डोकं बावीस वर्षं कोणाच्या उशीवर होतं ते साहेबांना माहीत आहे का, असं विचारावंसं वाटलं. पण विचारणार कोणाला? डोरिकाला?

स्वेटरचं तू तुझ्या पत्रात काही लिहिलेलं नाहीस. चार पानी पत्र आहे. त्यात पाण्याच्या टाकीचा अख्खा हिशेब आहे. स्वेटर नाही.

शास्त्रात परस्त्रीचा लोभ धरू नको म्हटलंय, शेजाऱ्याच्या बैलाचा, गाढवाचा धरू नको म्हटलंय. स्वतःच्याच बायकोच्या खुर्चीचा धरू नको असं कुठे सापडलं नाही. शोधलं. फादरना विचारायची लाज वाटली.

आता तुझ्या कामाचं. तू लिहितेस की महिनाअखेर जागेचा कागद गेला नाही तर प्रसूतिगृह यंदाच्या आराखड्यातून गळेल आणि पुन्हा बेटाची पाळी कधी येईल सांगता येत नाही. मामांशी बोल, शेंगांचं शेत द्यायला ते तयार आहेत का विचार, असं लिहितेस. विचारलं. ते तयार आहेत. पण शेंगांचं शेत उतारावर आहे आणि खडकाळ, तिथे बाळंतीण चढणार कशी, हे तुझ्या साहेबांनीच म्हटलं ना? आणि सपाट, पाण्याजवळची, होडी थेट लागेल अशी जागा बेटावर एकच, आपल्या घराची. हेही साहेबांनीच नकाशा पाहून शोधलं. हुशार आहेत.

तर साहेबांना माझा नमस्कार सांग आणि हेही सांग, की ज्या जागेवर जावयाचं दार लागलेलं आहे ती जागा मामासुद्धा देऊ शकत नाहीत. साहेबांच्या डोंगरात देत असतील. इथे नाही.

तुझा नवरा,
कथबर्ट

---

१५ जून, त्रैक्य रविवार

फेलिस्टा,

हे पत्र कालच्या बोटीनं जायला हवं होतं. पूर्ण झालं नाही. बोट भोंगा देत होती तरी मी दुसऱ्याच ओळीवर होतो. डोरिका मात्र गेली. ती काही बोलली असेल तर आधी हे वाच. म्हणजे आता तू हे नंतरच वाचणार.

झालं असं की दार काढलं. दुरुस्तीला. फुगलं होतं, नीट लागत नव्हतं. मंगळवारी सकाळी बिजागऱ्या सोडवल्या, दार पाठीवर घेतलं आणि ॲग्नेसच्या अंगणात नेऊन ठेवलं. रंधा तिच्याकडे आहे. बास, एवढंच.

पण तुला तुझे लोक माहीत आहेत. किनाऱ्यानं चालत होतो तर एकेका घरातून माणसं बाहेर येऊन उभी राहिली. जाळी विणणाऱ्यांचे हात थांबले. झकारियासुद्धा म्हणाला, "कोण रे, दार घेऊन चाललंय कोण?" त्याला दिसत नाही, मग दार कसं कळलं?

घरी परत येतो तर तुझी आई उघड्या दारात बसलेली, तोंडावर चितेंजे ओढून. रीतीप्रमाणे जावयाशी बोलायचं नाही, म्हणून समोरच्या कोंबडीशी बोलत होती. लेकी बोले सुने लागे.

"बाई गं," कोंबडीला म्हणते, "तुझा कोंबडा गेला हो खुराडं सोडून. तू तिकडे चार माणसांचं भलं करायला गेलीस, आणि हा इकडे पिसं फुगवून बसला. फुगलं ते दार नव्हे हो बाई."

मी कोंबडीला म्हटलं, "दुरुस्तीला काढलंय म्हणावं."

"ऐकलंस?" ती कोंबडीला म्हणाली, आणि कोंबडी घेऊन गेली. आता दोन उरल्या आहेत.

संध्याकाळी मामा आले. स्टुलावर बसले, तंबाखू काढली.

"कथबर्ट, दार कुठंय?"

"दुरुस्तीला."

"काय झालंय त्याला?"

"फुगलंय. लागत नव्हतं."

"फुगलंय." त्यांनी आभाळाकडे पाहिलं. "शेवटचा पाऊस कधी पडला म्हणायचा?"

मी कोंबड्यांना दाणे टाकले.

"या दिवसांत लाकूड आक्रसतं, बाबा. बरं, फुगलं म्हणू. मग दार होतं तिथंच तासायचं. पाठीवर घालून बहिणीच्या अंगणात कशाला न्यायचं?"

"रंधा तिथं आहे."

"रंधा जड की दार जड?"

मामांनी तंबाखू पुढे केली, मी घेतली नाही. जाताना म्हणाले, "तुमचं लग्न मी लावलंय. दार उतरवायचं असलं तर मला आधी सांगायचं असतं. आणि उतरवायचं नसलं तर उद्या सकाळी परत लाव."

उद्या सकाळ होऊन गेली. रंध्याचं पातं बोथट आहे. धार लावायला दिलं आहे.

घरात वारा येतो. दाराऐवजी चटई टांगली आहे. तुला स्वेटर ऊबदार आहे ना?

कथबर्ट

---

२९ जून, संत पेत्राचा दिवस

फेलिस्टा,

तुझं पत्र सहा ओळींचं आहे. मी ते पुनःपुन्हा वाचलं, तरी ते सहा ओळींचंच राहिलं. इथे उतरवून काढतो, म्हणजे तू काय लिहिलंस ते तुलाही दिसेल.

'डोरिका म्हणाली, दार गेलं. मी तिला पुन्हा विचारलं, पाठीवर नेलं का? ती म्हणाली, पाठीवर, बहिणीकडे. मग त्याच बोटीनं मामांना कागद पाठवला आणि त्यांनी अंगठा दिला. तुझं दुरुस्तीचं पत्र नंतर आलं. जूनमध्ये दार फुगत नाही, कथबर्ट. जागा दिली आहे. आता तू मोकळा आहेस, आणि जागाही.'

अभिनंदन. खुर्ची मिळाली, स्वेटर मिळाला, आता जागा मिळाली. मला एक पत्र लिहून विचारलं असतंस, तू दार का काढलंस? पण आराखड्याची तारीख होती. नवऱ्याला तारीख नसते.

मामांनी अंगठा देऊन आठवडा झाला तरी मला सांगितलं नाही. चर्चमध्ये माझ्या शेजारी बसले, माझ्याच पुस्तकातून गायले.

आज पेत्राचा धडा मी वाचायचा होता. फादरना म्हटलं, घसा बसलाय. तो बसला नव्हता. मला भीती वाटली की वाचताना आवाज फुटेल, आणि लोक म्हणतील, बघा, बायकोनं टाकलेला.

मी ॲग्नेसकडे राहायला आलो आहे. जाळं, कंदील आणि प्रार्थनापुस्तक आणलं. दार इथेच आहे, भिंतीला टेकून. त्यावर तिची मुलं उसिपा वाळवतात.

कथबर्ट

---

१३ जुलै, त्रैक्यानंतरचा चौथा रविवार

फेलिस्टा,

तुझे साहेब काल येऊन गेले. खुंट्या ठोकायला.

त्यांना पाहायचं म्हणून मी होडीत मुद्दाम बसलो. म्हटलं, बोटीवरून उतरताना बघूच कोण आहेत ते. म्वेरा जोरात होता. दोरीच्या शिडीवरून आधी एक छत्री आली, मग एक पाय, आणि तो पाय बराच वेळ हवेत होडी शोधत राहिला. साहेब साठीचे आहेत हे तू कधी लिहिलं नाहीस. टक्कल आहे, कवळी आहे, हेही नाही. होडीत बसले आणि ओकले. माझ्या पायावर. मग कवळी पाण्यात पडायची ती मी झेलली.

"माफ करा," म्हणाले. "आम्ही डोंगरातले. तुम्ही कोण?"

"कथबर्ट."

त्यांनी कवळी बसवली आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "फेलिस्टाबाईंचे यजमान?"

"होतो."

किनारा येईपर्यंत डोळे मिटून देवाचं नाव घेत राहिले. मला त्यांचा राग धरून ठेवायचा होता, पण ओकणाऱ्या माणसाचा राग धरून ठेवणं कठीण असतं.

दुपारी खुंट्या ठोकून झाल्यावर ते आपल्या ओट्यावर बसले, म्हणजे जिथे आपला ओटा आहे तिथे. मी नारळाच्या करवंटीतून पाणी दिलं. स्वेटरचं मी विचारणार नव्हतो. तोंडातून गेलंच.

"तो निळा?" म्हणाले. "आमच्या हिचा. फेलिस्टाबाई आमच्याकडेच उतरल्या आहेत ना, मुलींच्या खोलीत. ही म्हणाली, बाई थंडीनं निळी पडली आहे, निदान स्वेटरला शोभेल."

आणि हसले. मीही हसलो, उशिरा.

मग ते सांगायला लागले, आणि मला वाटलं, हे ऐकण्यापेक्षा स्वेटर त्यांचाच असता तर बरं झालं असतं. म्हणाले, पहिल्याच आठवड्यात त्यांनी तुला घराची जागा दाखवली होती. नकाशावर दुसरी जागाच नाही, असं समितीही म्हणत होती. आणि तू नाही म्हणालीस. रोज नाही म्हणालीस. शेंगांच्या शेतासाठी भांडलीस, उतार कापू म्हणालीस, पायऱ्या खोदू म्हणालीस. एक इंजिनियर चिडून म्हणाला, "बाई, बेटाला प्रसूतिगृह हवंय की नको?" तर तू म्हणालीस, "हवंय. पण तिथे माझ्या नवऱ्याचं दार आहे."

"आम्हाला वाटलं, दाराचं काय एवढं," न्यासुलू म्हणाले. "मग एक दिवस त्या आल्या आणि म्हणाल्या, दार नाही आता, घ्या लिहून. आणि बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. मी विचारलं नाही."

म्हणजे तू प्रसूतिगृह गमावायला निघाली होतीस, माझ्या दारासाठी. आणि मी इकडे स्वेटर मोजत होतो.

पण फेलिस्टा, यानं माझा जळफळाट गेला असं समजू नकोस. वाढला. कारण त्यांनी आणखी एक सांगितलं. म्हणाले, "त्या सभेत बोलल्या तेव्हा आमचे अध्यक्षसुद्धा खाली बघत होते. ते होडीतलं बाळ. यजमानांनी सरोवराच्या पाण्यानं बाप्तिस्मा दिला ते. काय नाव हो, वेरोनिका ना?"

मी ती करवंटी खाली ठेवली.

ते नाव मी ठेवलं. माझ्या ओंजळीत पाणी होतं आणि होडी हलत होती म्हणून अर्धं सांडलं. नाव घेऊन झालं आणि ती गेली. तिला आपण पलीकडच्या वाळूत ठेवलं, कारण वारा परत येऊ देईना. टिटस झाल्यावर सगळे तुला टिटसची आई म्हणायला लागले आणि मला हायसं वाटलं. एवढ्या वर्षांत ते नाव तू माझ्यासमोर एकदाही घेतलं नाहीस. मला वाटलं, तुला घेता येत नाही. मला वाटलं, ते आपल्या दोघांपुरतं बंद करून ठेवलेलं आहे. आणि तू ते पाण्याचे पेले आणि पंखे असलेल्या एका सभागृहात घेतलंस, अनोळखी लोकांसमोर. मी त्या सभागृहाचा हेवा करतो. खुर्च्यांचा करतो. न्यासुलूंच्या कवळीचा करतो, ज्या तोंडातून ते नाव इतकं सहज बाहेर आलं.

ते गेल्यावर मामा आले. या वेळी तंबाखू मी घेतली.

"ऐक," म्हणाले. "अजून नुसत्या खुंट्याच आहेत. पाया खणला की मग काही नाही. पण त्याआधी तू दार आणून लावलंस तर कागद मोडला. रीत कागदापेक्षा जुनी आहे. अंगठा माझा आहे, तो मीच मोडीन."

"मग प्रसूतिगृह?"

"जाईल. दुसऱ्या बेटाला जाईल."

"आणि नाही लावलं तर?"

"तर लग्न गेलं. दार टांगलेलं नाही तिथे लग्न नाही. मी काय करू? मी ती रीत केली नाही."

खोटं कशाला लिहू? मला आधी आनंद झाला. दार पाठीवर घ्यायचं, चार पावलं चालायचं, आणि सगळं पहिल्यासारखं. तुझी खुर्ची जाईल, तुझी रांग मोडेल, तू परत येशील, न्सिमात गुठळ्या होणार नाहीत. बराच वेळ मी तो आनंद तोंडात धरून बसलो होतो. मग तुझ्या आईची कोंबडी अंगणातून गेली आणि मला वाटलं, ती माझ्याकडेच बघते आहे.

उद्यापासून पाया खणणारे येतील. आजच काय ते ठरवायला हवं. प्रार्थना करतो. उत्तर येत नाही. वारा येतो.

कथबर्ट

---

२२ जुलै, संत मग्दालिया मरियेचा दिवस

वेरोनिकाच्या आई,

असं लिहायची हिंमत व्हायला इतके दिवस लागले.

त्याच दिवशी दुपारी, पत्र मिटून, मी दार उचललं. ॲग्नेसच्या मुलांनी त्यावरची उसिपा झटकली, तरी वास राहिलाच. बावीस वर्षांपूर्वी हे दार एवढं जड नव्हतं. किनाऱ्यानं निघालो. पुन्हा तेच, एकेका घरातून माणसं बाहेर. पण या वेळी ती नुसती उभी राहिली नाहीत, मागे चालायला लागली. मला दिसत नव्हतं, पाठीवर दार होतं. ऐकू येत होतं.

"परत लावतोय!" डोरिका ओरडली. "बाळंतघर बुडवलं मेल्यानं!"

"लावू दे गं, नवरा-बायकोचं आहे," कोणीतरी म्हणालं.

"नवरा-बायकोचं? आणि माझी सून होडीत बाळंत होणार ते कोणाचं?"

गोरखचिंचेपाशी वाट फुटते, तुला माहीतच आहे. डावीकडे आपलं घर. उजवीकडे चढण, शेंगांचं शेत. मी तिथे थांबलो. दम लागला होता म्हणून थांबलो, पण लोकांना वाटलं विचार करतोय. मग मी खरंच विचार केला. फार नाही. मला ती होडी आठवली, आणि ओंजळीतून सांडलेलं पाणी.

मी उजवीकडे वळलो.

चढण अवघड आहे. इंजिनियरचं बरोबर होतं, बाळंतीण नाही चढणार. पन्नाशीचा माणूस दार घेऊन चढू शकतो, दोनदा बसावं लागतं. वरती दोन खांब पुरले आणि दार टांगलं. घर नाही, भिंती नाहीत. शेंगांच्या शेतात नुसतं एक दार, सरोवराकडे तोंड करून. मामा काठी टेकत वर आले. दाराभोवती एक फेरी मारली. ढकलून पाहिलं. उघडलं.

"रीतीत असं कुठं म्हटलंय का, की आधी भिंती पाहिजेत?" मी विचारलं.

मामांनी काठीनं खांब ठोकून पाहिला. "नाही. दार पाहिजे, आणि जमीन तिच्या वंशाची पाहिजे. ही तिचीच आहे." मग म्हणाले, "असला मूर्खपणा आधी कोणी केला नव्हता, म्हणून रीतीला सुचलं नसेल."

कागद तसाच राहिला आहे. आपल्या घराच्या जागी पाया खणून झाला.

तुला हसू येईल असं सांगतो. आता पोरं रोज येतात, रांग लावतात आणि त्या दारातून आतबाहेर करतात. बाजूनं वाट मोकळी आहे, तरी दारातूनच. डोरिकाची बकरीसुद्धा. डोरिकानं मात्र गवताच्या दोन पेंढ्या आणून टाकल्या, म्हणाली, "मेला म्हटलं ते परत घेत नाही हं भावोजी, पण छप्पर लागेल तुम्हाला."

आणि परवा मी भिंतीची ओळ आखत होतो, तर मागे पावलं वाजली. मी वळलो नाही. मागच्या खेपेला वळून काय मिळालं ते लक्षात आहे. पावलं थांबली. मग तुझी आई कोंबडीला म्हणाली, "बघ गं, वेडं आहे पार. भिंती नाहीत, चूल नाही, आणि दार लावून बसलंय. तू जा बाई आत. अंडी काय उघड्यावर घालणार आहेस?" मी वळलो तेव्हा ती उतरून जात होती. कोंबडी दाराच्या आतल्या बाजूला बांधलेली होती. एक मडकंही होतं.

हे सगळं तू माफ करावंस म्हणून लिहिलेलं नाही. तू लिहिलंस मी मोकळा आहे. तूही आहेस. समितीत तुझी खुर्ची पुढच्या वर्षीही राहील असं न्यासुलू म्हणाले, आणि मला वाईट वाटलं, हेही लिहून ठेवतो. माझं हे जाणार नाही एवढ्यात. तू बोलशील आणि खोली गप्प होईल, तेव्हा माझ्या पोटात दुखेल. धक्क्याचं पुढच्या आराखड्यात बघ, जमलं तर. स्वेटर न्यासुलूबाईंना परत देऊन ये, आभार मान. ॲग्नेस विणते आहे. एक बाही झाली आहे, ती जरा मोठी झाली आहे.

एकच मागणं आहे. सभेत जे नाव घेतलंस ते या दारात उभी राहून एकदा माझ्यासमोर घे. मग मी कोणाचा हेवा करणार नाही. निदान सभागृहाचा तरी.

पुढच्या बोटीच्या दिवशी मी वर असेन. बोटीवरून दार दिसतं, मी होडीनं लांब जाऊन पाहून आलो. तू आलीस तर मी गोरखचिंचेखाली उभा होतो तसाच उभा असेन, चढणीकडे पाठ करून. तू सांगशील तेव्हा वळेन.

कडी अजून बसवलेली नाही. ती आतून हवी की बाहेरून, ते तू आल्यावर ठरवू.

कथबर्ट